बालकाचा आजार आणि दवाखान्याचे अंतर

नकाशावर फूटपट्टी ठेवून एखाद्या वस्तीपासून जवळच्या दवाखान्याचे अंतर मोजणे सोपे आहे. परंतु तेवढ्यावरून त्या वस्तीतील आजारी मुलाला उपचार मिळण्यास किती वेळ लागेल हे कळत नाही. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो, हा तेथील लोकांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील बेटांवर राहणाऱ्या कुटुंबांना नावेवाचून कोठेही जाता येत नाही. पूर्व घाटातील डोंगरवाड्यांतून आजाऱ्यास डोलीत घालून, चार माणसांच्या खांद्यांवरून, मोटार जेथवर येते त्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा ठिकाणी अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. ते तासांत मोजावे लागते. आणि ते तास कोणत्या ऋतूत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती माणसांच्या मदतीने काढावयाचे, हेही पाहावे लागते.

आजारालाही स्वतःचे घड्याळ असते. लहान मुलांच्या बाबतीत ते फार वेगाने चालते. दुर्गम भागातील बालकांच्या आरोग्याचा सारा प्रश्न ह्या दोन घड्याळांच्या शर्यतीचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ही शर्यत केवळ रस्ते आणि इस्पितळे बांधून जिंकता येणार नाही. उपचाराची पहिली मात्रा त्या वस्तीतच, तेथल्याच प्रशिक्षित स्त्रीच्या हाती असली पाहिजे. आणि तिच्याकडून हे काम करवून घेणाऱ्या समाजाने तिला पूर्ण वेतन, पुरेशी औषधे आणि भक्कम पाठबळ दिले पाहिजे. ह्या मताच्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा विचार पुढे केला आहे.

आजाराचे घड्याळ

आपल्या देशातील बालमृत्यूंचे प्रमाण गेल्या काही दशकांत पुष्कळ खाली आले आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, जन्मास येणाऱ्या दर १,००० बालकांपैकी सुमारे ४२ बालके वयाची पाच वर्षे पुरी होण्यापूर्वीच दगावतात. शहरांत हे प्रमाण ३१.५ आहे, तर ग्रामीण भागात ४५.७ आहे. अनुसूचित जमातींमध्ये ते ५० च्या आसपास जाते. ह्या आकड्यांचे अधिक बारकाईने निरीक्षण केले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पाच वर्षांच्या आत होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच घडतात.

ह्यांतील बरेचसे मृत्यू ज्या आजारांनी होतात ते दुर्मिळ किंवा गूढ नाहीत. नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अतिसार आणि उष्ण प्रदेशातील जंगलपट्ट्यात हिवताप, ही नावे शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. त्यांवरील औषधेही महाग नाहीत. मग मुले दगावतात ती का? ह्याचे एक मोठे कारण म्हणजे वेळ.

अर्भकाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. प्रौढ माणसात हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. शिवाय अर्भकाच्या शरीरातील एकूण साठा लहान. म्हणून जुलाब व उलट्या यांतून जे पाणी व क्षार जातात, ते जाण्यास मोठ्या माणसाला जेथे अवधी मिळतो तेथे मुलाला मिळत नाही. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी लवकर पूर्ववत होत नाही, मूल मलूल पडते, आणि हे सारे काही तासांत घडू शकते. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात ताप आल्यापासून २४ तासांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे, तो ह्याचसाठी. नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गात तर लक्षणेही ठळक नसतात. मूल नीट चोखत नाही, रडणे क्षीण होते, अंग गार पडते. घरच्यांना वाटते की बाळ झोपाळू आहे. आणि ते झोपाळू नव्हते हे कळेपर्यंत रात्र उलटून गेलेली असते.

अलीकडे इस्पितळातील प्रसूतींचे प्रमाण खूप वाढले आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत ते ८८.६ टक्के आढळले. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि, माता व बालक दोन-तीन दिवसांत घरी परततात, आणि जंतुसंसर्गाचा धोका त्यानंतरही आठवडेच्या आठवडे राहतो. म्हणजे जन्म इस्पितळात झाला तरी संकटाची वेळ पुष्कळदा घरीच येते.

पटकीच्या छावणीतील धडा

उपचार इस्पितळाच्या भिंतीबाहेर नेता येतो, हे आपल्या देशात फार मोठ्या संकटाच्या प्रसंगी सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ पसरली. पटकीवरील तेव्हाचा मान्य उपचार म्हणजे शिरेतून सलाइन देणे. त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया, नळ्या आणि शिकलेली माणसे लागतात. बनगावच्या छोट्या इस्पितळात रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते आणि सलाइनचा साठा संपत आला होता.

तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण करून ते रुग्णांना तोंडावाटे पाजावयाचे त्यांनी ठरविले. मिश्रणाच्या पुड्या कलकत्त्यात बांधून छावणीत आणल्या गेल्या. पाजण्याचे काम परिचारिकांनी नव्हे, तर रुग्णांच्या आयांनी, भावांनी आणि शेजाऱ्यांनी केले. छावणीतील पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले होते. ह्या पद्धतीने उपचार केलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले.

ह्यामागचे शास्त्र साधे आणि सुंदर आहे. जुलाबात आतड्यातून पाणी बाहेर वाहत असते. नुसते पाणी पाजले तर ते शोषले जात नाही. परंतु लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींत अशी एक व्यवस्था असते की, ग्लुकोजचा रेणू आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जातो, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत ओढले जाते. ही व्यवस्था पटकीतही शाबूत राहते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ह्या जोडवाहतुकीची कल्पना मांडली. त्याआधीच, १९५३ साली, कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ व ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटे दिल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. परंतु त्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज आपण जिला जलसंजीवनी म्हणतो, ती ह्या साऱ्या प्रयत्नांचे फळ होय.

बनगावच्या धड्याचे मर्म औषधाच्या स्वस्ताईत नाही. ते ह्यात आहे की, उपचार कोणाच्या हाती असावा याविषयीची जुनी समजूत तेथे मोडली. जे काम केवळ तज्ज्ञच करू शकतात असे मानले जात होते, ते योग्य रीतीने शिकविल्यास आईही करू शकते, असे दिसून आले. पुढे १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ ह्या संस्थेच्या स्त्रिया खेडोपाडी हिंडल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण कसे करावयाचे ते त्यांनी १ कोटी २० लाखांहून अधिक घरांतील स्त्रियांना समोर बसवून शिकविले. शिकविणाऱ्या स्त्रीचे मानधनही, शिकलेल्या आईच्या ध्यानात किती राहिले याची तपासणी करून ठरविले जात असे. ज्ञान नुसते वाटून भागत नाही, ते पोहोचले की नाही हेही पाहावे लागते, हा त्यातील बोध आहे.

आणि तो बोध आपण अद्याप पुरता घेतलेला नाही. पाचव्या पाहणीच्या वेळी ज्या मुलांना नुकताच अतिसार होऊन गेला होता त्यांच्यापैकी ६०.६ टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळाली होती. जस्ताच्या गोळ्या तर ३०.५ टक्क्यांनाच. म्हणजे ज्या देशात हा उपचार सिद्ध झाला, त्याच देशात अर्ध्या शतकानंतर दर दहांपैकी चार मुलांपर्यंत तो पोहोचला नव्हता.

गडचिरोलीचा प्रयोग

जलसंजीवनी आईच्या हाती देता येते, हे ठीक. पण जंतुनाशक औषधांचे काय? नवजात अर्भकाचे काय? ह्या प्रश्नांचे उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली व खेड्यांतच राहून संशोधनास आरंभ केला. न्यूमोनिया झालेल्या मुलांना गावातील आरोग्यसेवकांनी व दायांनी जंतुनाशक औषध दिल्यास मृत्यू कमी होतात, असे त्यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले.

न्यूमोनिया ओळखावयाचा कसा, हा ह्यातील कळीचा प्रश्न. त्यासाठी क्ष-किरण लागत नाहीत. मूल शांत असताना एका मिनिटात ते किती वेळा श्वास घेते हे मोजावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. ज्या दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी बसविलेले एक साधे उपकरण तयार करण्यात आले. वाळू संपेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. निरक्षर स्त्रीच्या हातातही मोजमापाचे साधन देता येते, हे त्यावरून दिसून आले.

पुढचे पाऊल अधिक अवघड होते. ३९ खेड्यांत प्रत्येकी एक, अशी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांची निवड करण्यात आली. प्रसूतीच्या वेळी हजर राहणे, बाळ श्वास घेत नसेल तर त्याला श्वास देणे, त्याला ऊबदार ठेवणे, वजन करणे, स्तनपानास साहाय्य करणे आणि पुढील महिनाभर वेळोवेळी घरी जाऊन बाळाची तपासणी करणे, हे त्यांना शिकविण्यात आले. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास आईवडिलांना इस्पितळात जाण्याचा सल्ला त्या देत. ते जाऊ शकत नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटात घेण्याचे औषध घरीच सुरू करीत. १९९५ ते १९९८ ह्या तीन वर्षांत त्या खेड्यांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ खेड्यांत ते जवळजवळ होते तेथेच राहिले. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ टक्के झाले. हा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

ह्या प्रयोगाचा परिणाम पुढे शासनाच्या धोरणावर झाला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्यात आल्या. आज देशभर त्यांची संख्या सुमारे दहा लाख आहे. २०११ सालापासून नवजात बालकांच्या घरभेटींचे काम त्यांच्याकडे आले. ह्या भेटी जन्मानंतर ठरावीक दिवशी, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत करावयाच्या असतात.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

ह्या विचारावर जे आक्षेप घेतले जातात ते उडवून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, अल्पशिक्षित व्यक्तीच्या हाती सुई आणि जंतुनाशक औषध देणे धोक्याचे आहे. शंका रास्त आहे. परंतु दुर्गम वस्तीत निवड प्रशिक्षित स्त्री आणि निष्णात डॉक्टर यांच्यामध्ये करावयाची नसते. ती प्रशिक्षित स्त्री आणि कोणीही नाही, किंवा प्रशिक्षित स्त्री आणि मोजमाप न करता औषध देणारा भोंदू, यांच्यामध्ये करावयाची असते. त्यातच औषधांना जंतू दाद देईनासे होण्याचा प्रश्नही दडलेला आहे. श्वास मोजून, नियमाप्रमाणे औषध देणारी स्त्री साध्या सर्दीला जंतुनाशक औषध देत नाही. सरसकट औषध देणारा मात्र देतो. शासनानेही काही पावले ह्याच दिशेने टाकली आहेत. अर्भकास इस्पितळात नेणे शक्य नसेल तेव्हा उपकेंद्रातील परिचारिकेस जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिली. २०१९ साली न्यूमोनियाविरुद्ध सुरू झालेल्या मोहिमेत, मुलाला पुढे पाठविण्यापूर्वी अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देण्याचे काम आशांकडे सोपविण्यात आले.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. शहरातील मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि जंगलातील मुलाला दहावीपर्यंत शिकलेली बाई, हा न्याय कोणता? गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा असे ह्याला का म्हणू नये? लेखकास हा आक्षेप अंशतः मान्य आहे. गावात आशा आहे, आता डॉक्टर नसला तरी चालेल, असा अर्थ कोणी लावील तर तो अन्यायच होय. अपुऱ्या दिवसांचे आणि फार कमी वजनाचे अर्भक, श्वास घेताना छाती आत ओढली जाणारे किंवा दूधपाणी घेऊ न शकणारे मूल, तीव्र रक्तक्षय होऊन रक्त द्यावे लागणारा हिवतापाचा रोगी, ह्यांना इस्पितळच हवे; प्राणवायू हवा, रक्तपेढी हवी. गावातील पहिली मात्रा ही इस्पितळाच्या ऐवजी नाही. इस्पितळापर्यंत मूल जिवंत पोहोचावे ह्यासाठी आहे. शिवाय घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करणे हे काम शहरातील निष्णात डॉक्टरही करीत नाही. त्या अर्थाने ही सेवा दुय्यम नाही, ती वेगळी आहे.

तिसरा आक्षेप असा की, आधी रस्ते आणि पूल बांधावे, बाकीचे आपोआप होईल. रस्ते हवेतच. परंतु त्यांना लागणारा काळही लक्षात घ्यावा. ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात बलिमेला धरणाच्या जलाशयामुळे दीडशेच्या आसपास गावे बाकीच्या जिल्ह्यापासून तुटली. तेथील गुरुप्रिया पुलाची पायाभरणी १९८० च्या दशकात झाली आणि तो रहदारीस खुला झाला २०१८ साली. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेले मूल पूल होईपर्यंत स्वतः आईबाप झालेले असणार. त्या मधल्या वर्षांत जी मुले तापाने फणफणली, त्यांना पुलाची वाट पाहा असे सांगता येत नव्हते.

ह्याच ओडिशाने दुसरा मार्गही दाखविला आहे. २०१७ साली तेथे दुर्गम वस्त्यांतील हिवताप निवारणाची मोहीम सुरू झाली. वस्तीत जाऊन, ताप असो वा नसो, सर्वांचे रक्त तपासावयाचे आणि दोष आढळल्यास तेथल्या तेथे औषध द्यावयाचे, अशी तिची पद्धत. मच्छरदाण्यांचे वाटप आणि आशांनी जागच्या जागी करावयाच्या तपासण्या यांची तिला जोड मिळाली. पुढच्याच वर्षी राज्यातील हिवतापाच्या नोंदींत फार मोठी घट दिसून आली. आसामातही २००५ साली ‘आखा’ नावाच्या नावेपासून सुरू झालेले तरते दवाखाने ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर जाऊन मुलांचे लसीकरण आणि मातांची तपासणी करीत आले आहेत. रोग्याने दवाखान्याकडे जावे, हा नियम उलट फिरविता येतो, याची ही उदाहरणे होत.

कामाची किंमत

मात्र येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. गडचिरोलीच्या प्रयोगाचे यश केवळ औषधात नव्हते. त्या स्त्रियांचे काम दर पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन तपासत असे, त्यांच्या पिशवीतील औषध संपू दिले जात नसे, आणि चूक झाल्यास ती दाखवून दुरुस्त केली जात असे. प्रयोगातील कृती उचलली आणि हा आधार मागे सोडला, तर तेच फळ मिळेल अशी अपेक्षा करणे शास्त्राला धरून होणार नाही. बी नेले, पण पाणी नेले नाही, असा तो प्रकार होईल.

आशा कार्यकर्तीला कायद्याच्या भाषेत स्वयंसेविका मानले जाते. तिला मिळते ते मुख्यत्वे कामाच्या हिशेबाने मानधन. एका नवजात बाळाच्या सर्व घरभेटींसाठी केंद्राने ठरविलेला मोबदला २५० रुपये आहे. पाड्यापाड्यांतून, ओढे ओलांडून, सहा-सात वेळा जाण्याचे हे मोल! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, तो यथार्थच होता. परंतु गौरवाने घर चालत नाही. ज्या कामावर मुलाचे जगणे अवलंबून आहे ते काम करणाऱ्या व्यक्तीस स्वयंसेविका म्हणणे म्हणजे त्या कामाचे गांभीर्यच नाकारणे होय. ज्याला नियमित वेतन नाही त्याच्याकडून नियमित कामाची अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.

म्हणून लेखकाच्या मते चार गोष्टी एकत्र व्हावयास हव्यात. पहिली, दुर्गम वस्त्यांतील आशांना ठरावीक वेतन आणि वृद्धापकाळाची हमी. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा नियम आहे. परंतु विखुरलेल्या पाड्यांत ३,००० लोक किती मोठ्या प्रदेशावर पसरलेले असतात याचा विचार केवळ संख्येने होत नाही. दुसरी, जलसंजीवनी, जस्त, अमॉक्सिसिलिन, हिवतापाची तपासणी-पट्टी व औषध यांचा पावसाळ्यापूर्वीच चार महिन्यांचा साठा वस्तीत पोहोचविणे. नदीला पूर आल्यावर साठा पाठविण्याचा विचार करणे व्यर्थ आहे. तिसरी, तिच्या कामाची नियमित, आपुलकीची आणि कसोशीची तपासणी. चौथी, तिने ज्या मुलास पुढे पाठविले त्यास पुढे खरोखरच कोणीतरी भेटेल अशी व्यवस्था. रात्रभर चालून आलेल्या आईबापांना आरोग्य केंद्राच्या दाराला कुलूप दिसले, तर पुढच्या वेळी ते येत नाहीत. आणि आशेचा शब्दही गावात फुकट जातो.

पाचवी गोष्ट औषधाची नाही, अन्नाची आहे. कुपोषित मुलाचा साधा अतिसारही घातक ठरतो, आणि वारंवार होणाऱ्या अतिसाराने चांगले मूलही कुपोषित होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचे चिन्ह होय. एक रंगीत पट्टी हे सांगू शकते. परंतु पट्टी भात रांधून घालीत नाही. त्यासाठी घरात धान्य आणि आईजवळ वेळ असावा लागतो.

वाचकांसाठी दोन शब्द

ही पुस्तिका शाळांत व ग्रंथालयांत वाचली जाईल. ज्या विद्यार्थ्याला घड्याळ पाहता येते त्याला लहान भावंडाचे श्वास मोजता येतात. ज्याला पाण्याचे माप कळते त्याला जलसंजीवनीची संपूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळता येते. पुडी अर्धी वापरू नये, पाणी कमी-जास्त घेऊ नये, तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे आणि जुलाबातही मुलाचे दूध व जेवण बंद करू नये, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मूल दूधपाणी घेईनासे झाले, सारखे उलटू लागले, फार सुस्त झाले, झटके आले, शौचातून रक्त पडू लागले किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत जाऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास आरोग्य केंद्राकडे न्यावे. ही माहिती गुपित नाही आणि ती कोणा एका व्यवसायाची मालमत्ताही नाही.

परंतु जेथे ही पुस्तिका पोहोचणार नाही, जेथे शाळा एकशिक्षकी आहे आणि वाचनालय नाही, तेथेच तिची गरज सर्वांत अधिक आहे. तेथे ही माहिती एखाद्या स्त्रीच्या पायांनी जाते, तिच्या बोलीत सांगितली जाते आणि तिच्या पिशवीतील औषधाने खरी ठरते. आजारी मुलाच्या घरापासून ती चार घरे अंतरावर असते. आपल्या देशाने तिला शोधून काढले आहे, तिची कसोटीही घेतली आहे. आता तिची पिशवी भरलेली आहे ना आणि महिन्याच्या शेवटी तिच्या हाती वेतन पडते ना, हे पाहणे तेवढे उरले आहे; आणि ते काम शास्त्राचे नसून आपणा सर्वांचे आहे.